शाळेतला डेटा आणि आलेख: शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

हे पान प्रामुख्याने जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे. मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांच्या कामाचंही त्यात काही आहे. प्रश्न शिक्षण परिषदांत आणि स्टाफरूममध्ये ऐकू येतात तसेच घेतले आहेत.

माहिती भरण्यातच आमचा अर्धा दिवस जातो. त्यात हा डेटा आणखी कशाला?

तक्रार खरी आहे. यू-डायस प्लस आणि सरल ही शाळांची माहिती भरायची सरकारी पोर्टलं, शाळांचा डेटा तपासणाऱ्या विद्या समीक्षा केंद्राकडे जाणारे चाचणीचे गुण, पोषण आहाराची रोजची नोंद आणि वर "आज दुपारी तीनपर्यंत पाठवा" असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप. हे सगळं शाळेतून वर जातं. यू-डायसमध्ये 2022-23 पासून शाळेच्या एकूण आकड्यांऐवजी एकेका विद्यार्थ्याची माहिती भरावी लागते, त्यामुळे काम वाढलं आहे हेही खरं.

पण वर पाठवायची माहिती आणि उद्याचा तास ठरवायला लागणारी माहिती वेगवेगळी असते. पहिली शासनाला हवी असते. किती वर्गखोल्या लागतील, किती पुस्तकं छापायची, हे त्यावरून ठरतं. दुसरी फक्त तुमच्या कामाची. ती कोणी मागवत नाही आणि कुठे अपलोडही करायची नसते. ती वहीच्या एका पानावर मावते. या पानावर बोलायचं आहे ते त्या दुसऱ्या माहितीबद्दल. त्यासाठी नवीन काही गोळा करायची गरज क्वचितच पडते, कारण हजेरीपट आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका आधीच तुमच्याकडे असतात. फक्त त्या गठ्ठा बांधून कपाटात जाण्याआधी एकदा वेगळ्या नजरेने पाहायच्या.

मग सुरुवात कुठून करायची?

प्रश्नापासून. "चौथीच्या निकालाचा आलेख काढू" ही सुरुवात चालत नाही. त्यातून आलेख निघतो, भिंतीवर लागतो आणि तिथेच राहतो. "वजाबाकी नेमकी कुठे अडते?" किंवा "सोमवारी मुलं कमी का येतात?" असा प्रश्न हवा, ज्याचं उत्तर मिळालं तर तुम्ही पुढच्या आठवड्यात काहीतरी वेगळं कराल. उत्तर काहीही आलं तरी तुमचं काम बदलणार नसेल, तर तो आलेख काढू नका. वेळ वाचेल.

चाचणीचे गुण तर काढतोच. त्यापुढे काय पाहायचं?

गुणांची बेरीज होण्याआधीचा टप्पा. 20 पैकी 12 या आकड्यावरून मुलाला काय येतं ते कळत नाही, इतरांच्या मानाने तो कुठे आहे एवढंच कळतं.

चौकटीचा कागद घ्या. डावीकडे मुलांची नावं, वरती प्रश्न क्रमांक. उत्तर बरोबर असेल तर घर रिकामं ठेवा, चुकलं असेल तर भरा. पंचवीस मुलं आणि दहा प्रश्न असले तर हे काम अर्ध्या तासाचं आहे, आणि उत्तरपत्रिका तपासताना सोबतच केलं तर त्याहूनही कमी. आता कागद उभा वाचा. एखाद्या प्रश्नाचा अख्खा स्तंभ काळा दिसला, तर अडचण मुलांची नसून शिकवण्याची किंवा प्रश्नाच्या शब्दांची आहे. तो भाग सगळ्या वर्गाला पुन्हा घ्यावा लागेल. मग आडवा वाचा. एकाच मुलाची ओळ काळी असेल तर त्या मुलाजवळ बसायला हवं. हे दोन उपाय वेगळे आहेत, आणि नुसते एकूण गुण पाहून त्यातला कोणता करायचा ते कळत नाही.

जमलं तर आणखी एक पायरी पुढे जा. घर नुसतं भरण्याऐवजी त्यात मुलाने लिहिलेलं चुकीचं उत्तर लिहा. 402 वजा 178 हे उदाहरण पाहा. बरोबर उत्तर 224. काही मुलं 376 लिहितात. ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात, वरचा कोणता आणि खालचा कोणता हे पाहतच नाहीत. काहींचं उत्तर 234 येतं. त्यांना दशक सुटा करायचा हे माहीत आहे, पण शून्याच्या जागी दहा आल्यावर त्यातला एक एककाला दिला आणि नऊ उरले, हे त्यांच्या हातून सुटतं. दोघांनाही शून्य गुण मिळतात. पण 376 वाल्याला दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन मुळापासून बसवावं लागेल, तर 234 वाल्याला मध्ये शून्य असलेली चार-पाच उदाहरणं पुरतील. दोघांना एकाच उपचारात्मक वर्गात बसवून एकच स्वाध्याय दिला, तर एक कंटाळेल आणि दुसऱ्याला काहीच कळणार नाही.

माझं मत विचाराल तर या पानावरचं बाकी सगळं विसरलात आणि एवढा एक चौकटीचा कागद ठेवलात तरी चालेल.

वर्गाची सरासरी काढणं चूक आहे का?

चूक नाही, पण ती बरंच लपवते. समजा दहा-दहा मुलांचे दोन वर्ग आहेत आणि चाचणी 20 गुणांची आहे. पहिल्या वर्गाचे गुण 11, 11, 12, 12, 12, 12, 12, 12, 13, 13. दुसऱ्याचे 5, 6, 6, 7, 7, 16, 17, 18, 19, 19. दोन्हींची सरासरी 12. पहिल्या वर्गात सगळ्यांना एकच पाठ घेता येईल. दुसऱ्या वर्गात 12 गुणांच्या आसपासचं एकही मूल नाही, त्यामुळे सरासरी धरून शिकवलेला पाठ तिथे कोणाच्याच कामाचा नाही.

संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम यांनी 1973 साली हेच दाखवण्यासाठी आकड्यांचे चार संच मांडले होते. चारही संचांची सरासरी जवळपास सारखी, बाकीची गणितंही सारखी, पण आलेख काढला की चार वेगळीच चित्रं.

वर्गात यासाठी सोपा उपाय आहे. कागदावर आडवी रेघ ओढून 0 ते 20 आकडे लिहा आणि प्रत्येक मुलासाठी त्याच्या गुणांवर एक टिकली चिकटवा. सारखे गुण असतील तर टिकलीवर टिकली. पाच रुपयांच्या पाकिटात काम होतं. गुण एकाच जागी जमलेत की दोन घोळक्यांत विभागलेत, हे लांबूनही दिसतं. सरासरीऐवजी एकच आकडा द्यायचा झाला तर मध्यक द्या, म्हणजे गुण चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. एक-दोन मुलांच्या फार कमी किंवा फार जास्त गुणांनी तो ओढला जात नाही.

आमच्या वर्गाचा पट 12 आहे. टक्केवारी कशी मांडायची?

मांडूच नका. बारा मुलांत एक मूल म्हणजे 8.33 टक्के. 9 मुलांना वाचता येत होतं, एकाची बदली होऊन ते दुसऱ्या गावी गेलं आणि त्याच्या जागी न वाचणारं मूल आलं, की शाळा "75 टक्क्यांवरून 67 टक्क्यांवर घसरली" असं अहवालात उमटतं. प्रत्यक्षात कोणीच घसरलेलं नाही. "बारापैकी आठ" असं लिहा आणि उरलेली चार मुलं कोणती ते स्वतःच्या वहीत ठेवा. कमी पटाच्या शाळांची टक्केवारीवरून तुलना करणाऱ्या वरिष्ठांनाही हे नम्रपणे सांगायला हरकत नाही.

कोणत्या माहितीला कोणता आलेख?

निरनिराळ्या गोष्टींची तुलना करायची असेल तर स्तंभालेख. दोन चाचण्या शेजारी ठेवायच्या असतील तर जोडस्तंभालेख. काळाबरोबर बदल दाखवायचा असेल तर रेषालेख. गुण कुठून कुठपर्यंत पसरलेत ते पाहायचं असेल तर वर सांगितलेला टिकल्यांचा आलेख. वृत्तालेख, म्हणजे तुकडे पाडलेलं वर्तुळ, तेव्हाच काढा, जेव्हा सगळे भाग मिळून एक पूर्ण होतं. मराठीत 60 टक्के, गणितात 45, इंग्रजीत 50, हे वृत्तालेखात घालता येत नाही, कारण हे एकाच गोष्टीचे तुकडे नाहीत. तरी असे वृत्तालेख शाळेच्या फळ्यावर अधूनमधून दिसतात.

आणि पुष्कळदा आलेखाची गरजच नसते. पाच आकडे असतील तर तक्ता पुरे.

आलेख पाहताना फसगत कुठे होते?

उभ्या अक्षावर. एका तुकडीला 62 टक्के, दुसरीला 66, आणि अक्ष 60 पासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. संगणक काही वेळा आपणहून असा अक्ष घेतो, त्यामुळे काढणाऱ्याच्या मनात लबाडी असेलच असं नाही. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच असावा. रेषालेखात सूट घेता येते, पण तसं केलं असेल तर अक्षावर स्पष्ट दिसायला हवं.

दुसरी गोष्ट त्रिमितीय आलेख. दिसतात झकपक, पण समोरचा तुकडा मोठा भासतो आणि मागचा लहान. तिसरी गोष्ट रंग. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक असतात, पुरुषांत जास्त. शिवाय शाळेची झेरॉक्स काळीपांढरी. रंगासोबत अक्षर किंवा खूणही द्या.

हजेरी रोज घेतो. त्यातून आणखी काय मिळणार?

महिन्याची सरासरी हजेरी 85 टक्के, एवढ्याने फार काही कळत नाही. महिन्याचा हजेरीपट चौकटीच्या कागदावर उतरवा, गैरहजेरीची घरं भरा आणि थोडं लांबून बघा. उभी पट्टी दिसली तर त्या दिवशी गावात काहीतरी होतं: जत्रा, लग्नाची दाट तिथी किंवा ओढ्याला आलेलं पाणी. ठरावीक वारीच घरं भरलेली असतील तर आठवडी बाजाराचा वार तपासा. आडवी पट्टी म्हणजे एक मूल सलग गेलेलं, आजारपण किंवा स्थलांतर. आणि एकाच मुलीची दर आठवड्याला एक-दोन विखुरलेली घरं भरलेली दिसली, तर घरी लहान भावंड सांभाळायला कोण असतं ते विचारा.

ही विखुरलेली गैरहजेरी सगळ्यांत फसवी, कारण ती डोळ्यावर येत नाही. महिन्याला दोन खाडे काहीच वाटत नाहीत. पण शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचे कामाचे दिवस किमान 200, आणि दहा महिन्यांत हे वीस खाडे होतात, म्हणजे वर्षाचा दहावा भाग.

मागच्या दोन-तीन वर्षांचे हजेरीपट शेजारी ठेवले तर हंगामही दिसतो. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचणीच्या दिवसांत वरच्या वर्गातल्या मुली कमी होतात. कोकणात भातलावणीचे दिवस. कोणती मुलं जाण्याची शक्यता आहे हे गेल्या वर्षीच्या हजेरीपटावरून ऑगस्टमध्येच सांगता येतं. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव असो की आजी-आजोबांकडे मूल ठेवण्याबद्दल घरच्यांशी बोलणं, ते तेव्हा करायचं असतं. नोव्हेंबरमध्ये वर्ग ओस पडल्यावर करण्यासारखं फार उरत नाही.

निपुण भारतमध्ये मिनिटाला किती शब्द वाचतो ते मोजतात. हा आकडा किती गंभीरपणे घ्यायचा?

लहान वर्गांतल्या मुलांना वाचन आणि अंकगणिताचा पाया यावा म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं आणि तिसरी संपेपर्यंत मिनिटाला सुमारे 60 शब्द समजून वाचता यावेत असं त्याचं उद्दिष्ट आहे. यातला "समजून" हा भाग मोजायला कठीण, म्हणून तो राहून जातो. उरतं घड्याळ. धडधडा वाचून काढणाऱ्या मुलाला "कोण कुठे गेलं?" असं विचारलं की तो पुस्तकाकडे बघत राहतो.

शिवाय मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. "घर, नळ, कमळ" असा उतारा आणि "झाडाखालच्या दगडांवरून" असा उतारा यांत शब्दांची संख्या सारखी असली तरी वाचायची अक्षरं किती वेगळी. म्हणून दोन वेगळ्या उताऱ्यांवरचे वेग एकाच आलेखात जोडू नका. सारख्या कठीणपणाचे तीन-चार उतारे आधीच ठरवून ठेवा, मुलाची तुलना त्याच्याच मागच्या नोंदीशी करा, आणि वेगाच्या बिंदूशेजारी दोन प्रश्नांपैकी किती जमले ते लिहा.

जादा तासांनंतर मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले. म्हणजे तासांचा उपयोग झाला, असं म्हणायचं का?

थोडं थांबून म्हणा. एकाच चाचणीत सगळ्यांत कमी गुण पडलेली मुलं निवडली, तर त्यांत काही अशी असतात ज्यांना त्या दिवशी ताप होता किंवा ज्यांचं पान उलटायचं राहून गेलं. ही मुलं पुढच्या चाचणीत काहीही न करताही वर येतात. उलट पहिल्या चाचणीत फार वर गेलेली मुलं थोडी खाली येतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडील आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करून 1886 साली ही गोष्ट मांडली. शाळेतल्या गुणांनाही ती तशीच लागू आहे.

उपाय फार अवघड नाही. जादा तासांसाठी निवड दोन चाचण्या आणि तुमचा स्वतःचा अंदाज मिळून करा. आणि वाढ तपासताना एकूण गुण बघू नका. जे शिकवलं त्याच प्रकारची नवीन उदाहरणं द्या. 376 लिहिणारा मुलगा आता 503 वजा 267 ला काय लिहितो, हा खरा पुरावा.

राष्ट्रीय सर्वेक्षणात किंवा "असर"मध्ये जिल्हा मागे आला की आमची बैठक लागते. त्या निकालाचं शाळेत काय करायचं?

ही सर्वेक्षणं नमुन्यावर चालतात. 4 डिसेंबर 2024 ला झालेलं परख राष्ट्रीय सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीचं होतं आणि निवडक शाळांतच झालं. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून होणाऱ्या "असर"मध्ये तर निवडलेल्या गावांत घरोघरी जाऊन मुलांना तपासतात. जिल्ह्याचं किंवा राज्याचं चित्र समजायला ती उपयोगी आहेत. तुमच्या शाळेबद्दल ती काही सांगत नाहीत, त्यामुळे त्यावरून एका शाळेला दोष देणं किंवा शाबासकी देणं दोन्ही निराधार.

पण "असर"ची तपासणी उचलण्यासारखी आहे. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. प्रत्येक मुलाला एकेकट्याने, तोंडी. मूल कोणत्या पायरीवर आहे ते काही मिनिटांत कळतं आणि इयत्ता बाजूला ठेवून गट करता येतात.

अधिकारी येतात तेव्हा तक्ता हिरवा हवा असतो. मग खरं कसं भरायचं?

हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. मोजमापावरच शाबासकी किंवा नोटीस अवलंबून असली की आकडे सुधारतात, मुलं तिथेच राहतात. यात शिक्षकाइतकाच, किंबहुना जास्त, विचारणारा जबाबदार आहे. केंद्रप्रमुखांनी लाल घर पाहून "हे का?" असं विचारण्याऐवजी "यासाठी काय लागेल?" असं विचारलं, तर पुढच्या भेटीत तक्ता जास्त खरा असतो. तोवर निदान तुमची स्वतःची वही खरी ठेवा. ती तपासणीसाठी नाही.

वर्गात मुलांच्या नावांसह प्रगतीचा तक्ता लावावा का?

लावू नये. वरच्या तीन नावांना आनंद होतो आणि खालच्या तीन मुलांना रोज दाराशीच ते वाचावं लागतं. मुलाची प्रगती त्याच्या वहीत, त्याला आणि पालकांना दिसेल अशी ठेवा. भिंतीवर वर्गाचं एकत्रित काम लावा: सगळ्यांनी मिळून वाचलेली पुस्तकं, या महिन्याची हजेरी.

हाच नियम व्हॉट्सअ‍ॅपला. नाव, जात, आधार क्रमांक, अपंगत्व असे रकाने असलेली एक्सेल फाइल पालकांच्या किंवा केंद्राच्या ग्रुपवर टाकू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला वेगळं संरक्षण दिलं आहे. कायदा नसता तरी हे करायचं नव्हतंच.

पालकसभेत आलेख दाखवले तर समजतील का?

मोठ्या पडद्यावर सात आलेख दाखवले तर नाही. प्रत्येक पालकाला त्याच्या मुलाच्या दोन वह्या दाखवा, जूनची आणि आताची. आलेख दाखवायचाच असेल तर एकच, हजेरीचा, आणि तोही तोंडी सांगत. शाळा व्यवस्थापन समितीपुढे मात्र आकडे ठेवा. पाण्याच्या टाकीची मागणी असो की स्वच्छतागृहाची, ठरावासोबत पट आणि नोंदी जोडलेल्या असल्या की कागद पुढे सरकतो.

मुलांकडून आलेख काढून घ्यावेत का?

नक्की. पाठ्यपुस्तकात ताळ्याच्या खुणा, चित्रालेख, स्तंभालेख आहेतच, पण तिथले आकडे कोणाच्या तरी आवडत्या फळांचे. मुलांना स्वतः मोजू द्या. शाळेच्या आवारात सरळ बाजूची बाटली ठेवून पावसाचे मिलिमीटर. रस्त्यावरून दहा मिनिटांत गेलेली वाहनं. पोषण आहारात पानात उरलेल्या अन्नाचं वजन, वारानुसार. प्राथमिकच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे 150 ग्रॅम धान्य धरलेलं असतं, तेव्हा कोणत्या वारी किती उरतं हा हिशेब सातवीच्या मुलांना सहज जमतो. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना तो दाखवा, मात्र दोष देण्याच्या सुरात नको. एखादी भाजीच मुलांना आवडत नसेल, किंवा सुटीच्या घंटेची घाई असेल. कारण शोधायला मुलांनाच पाठवा. आलेख काढण्यापेक्षा "असं का झालं असेल?" यावर वर्गात होणारा वाद जास्त शिकवून जातो.

मुख्याध्यापक म्हणून शिक्षकांना यात कशी मदत करू?

आधी एखादं रजिस्टर कमी करा. दोन ठिकाणी लिहावी लागणारी एखादी नोंद शोधा आणि बंद करा. मग महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास द्या, ज्यात प्रत्येकाने फक्त एक चौकटीचा कागद आणायचा. शिक्षकांची आपसांत तुलना होणार नाही हे आधी सांगा आणि पाळा. बैठक संपताना प्रत्येकाने पुढच्या पंधरवड्यात करायची एक गोष्ट बोलून दाखवावी. तिचा अहवाल मागू नका.

एक्सेल नीट येत नाही. किमान काय यायला हवं?

चार गोष्टी पुरतात: रकाना क्रमाने लावणे, गाळणी (फिल्टर), घरांना अटीनुसार रंग देणे आणि साधा स्तंभालेख. गूगल शीट्स फुकट आहे आणि मोबाइलवर चालतं. गैरहजर मुलाच्या घरात शून्य टाकू नका. घर रिकामं ठेवा किंवा "गै" लिहा. शून्य सरासरीत धरलं जातं, रिकामं घर धरलं जात नाही. नावं युनिकोडमध्ये टाइप करा, कारण जुन्या फॉन्टमधली नावं दुसऱ्या संगणकावर गिचमिड दिसतात आणि अकारविल्हे लागत नाहीत. गुण इंग्रजी अंकांत भरा. देवनागरी अंक टाकले तर शीट ते आकडे न समजता मजकूर समजू शकतं आणि बेरीज चुकते. एका घरात एकच गोष्ट लिहा. "12 (आजारी होता)" असं लिहिलं की त्या घराची बेरीज होत नाही, शेरा शेजारच्या रकान्यात टाका.

आणि संगणक नसेल तर चौकटीचा कागद आहेच.